टॉवर, मनोरा की इमारत?

प्रश्न असा आहे: "'भारतातील सर्वात उंच टॉवर मुंबईत' हा मथळा बरोबर आहे का? टॉवरला मराठीत मनोरा म्हणायचं की इमारत? आणि गगनचुंबी म्हणजे निदान किती मजली?"

खरी गोची 'टॉवर' या शब्दाची आहे. मुंबईच्या बोलीत टॉवर म्हणजे माणसं राहतात ती उंच इमारत. 'चाळ पाडून टॉवर झाला', 'समोरच्या टॉवरमुळे घरात ऊन येत नाही' ही रोजची वाक्यं. शहराबाहेर पडलात की टॉवर म्हणजे मोबाइलचा किंवा विजेच्या तारांचा सांगाडा. 'इकडे टॉवर नाही' म्हणणारा माणूस इमारतीबद्दल बोलत नसतो, त्याच्या फोनला रेंज नसते. एकच शब्द राहत्या घरालाही आणि लोखंडी जाळीलाही चालतो, म्हणून मथळा वाचून नेमकं काय उंच ते कळत नाही.

आणि इथे शब्द बदलला की उत्तरही बदलतं. इमारत म्हणाल तर वरळीच्या पॅले रोयालचं नाव येतं, सुमारे ३२० मीटर. मनोरा म्हणाल तर रामेश्वरमचा दूरदर्शनचा काँक्रीटचा मनोरा, ३२३ मीटर. नुसतं 'बांधकाम' म्हणाल तर दोन्ही मागे पडतात: तमिळनाडूत नौदलाच्या आयएनएस कट्टबोम्मन या तळावर पाणबुड्यांशी संपर्क ठेवणारे ४७१ मीटरचे खांब आहेत. ते स्वतःच्या बळावर उभे नाहीत, चहूबाजूंनी ताणलेल्या तारांनी धरलेले आहेत. अशा खांबाला मनोरा म्हणणं मला पटत नाही. दोरांनी आवळून उभ्या केलेल्या काठीसाठी आपल्याकडे जहाजावरचा 'डोलकाठी' हा शब्द आयता आहे, तोच इथे चपखल बसतो.

इमारत आणि मनोरा यांची सीमारेषा कुठे? उंच इमारतींची मोजदाद ठेवणारी 'काउन्सिल ऑन टॉल बिल्डिंग्ज अँड अर्बन हॅबिटॅट' ही संस्था सोपी कसोटी लावते: एकूण उंचीच्या निदान निम्म्या भागात वापरण्याजोगे मजले असतील तर ती इमारत, नसतील तर मनोरा. मराठी कानालाही हा भेद पटतो. कुतुबमिनारात ३७९ पायऱ्या आहेत, पण राहायला खोली नाही. ७२ मीटरांवर उंची असूनही त्याला कोणी इमारत म्हणून ओळखत नाही. मुंबई विद्यापीठाच्या आवारातला १८७८ चा राजाबाई टॉवर घड्याळासाठी उभारलेला, सुमारे ८५ मीटरचा. अर्थाने तो मनोराच. पण विशेषनामाचं भाषांतर करू नये, तिथे टॉवरच ठेवावं.

'मनोरा' आला तो अरबी 'मनारा'वरून, म्हणजे उजेडाची किंवा जाळाची जागा. दीपस्तंभ आणि मशिदीचा मिनार हे त्याचेच सोयरे. 'बुरूज'ही अरबीच. तिकडे 'बुर्ज' म्हणजे कुठलाही मनोरा, म्हणून दुबईत बुर्ज खलिफा. मराठीत मात्र हा शब्द तटातून बाहेर आलेल्या गोल भागाला चिकटला, त्यामुळे इथल्या इमारतीला बुरूज म्हटलं तर डोळ्यांपुढे तोफ उभी राहते. वापरू नका.

मजल्यांचा हिशेब सर्वांत जास्त चुकतो. 'मजल' आणि 'मजला' हे दोन्ही शब्द अरबी 'मंजिल'मधून, म्हणजे उतरण्याच्या ठिकाणावरून आले. प्रवासाची मजल दरमजल आडवी, घराची उभी. बांधकामाच्या कागदावर 'ग्राउंड प्लस सात' लिहिलेलं असतं आणि बातमीत त्याची 'सात मजली इमारत' होते. ती आठ मजली असते: तळमजला अधिक सात. 'सातव्या मजल्यावर आग' मात्र बरोबर, कारण क्रम तळमजल्याच्या वरून सुरू होतो. अमेरिकी मजकूर मराठीत आणताना उलटी काळजी घ्या. तिकडचा पहिला मजला म्हणजे आपला तळमजला, म्हणून क्रमांकातून एक वजा करा, एकूण मजल्यांच्या संख्येतून नको.

मजल्यांवरून उंची काढायचा मोहही आवरा. अँटिलिया २७ मजली आणि १७३ मीटर, म्हणजे मजल्यामागे सरासरी सहा मीटरांहून जास्त. लोअर परळची वर्ल्ड वन ७६ मजली आणि २८० मीटर, म्हणजे पावणेचारच्या आत. 'तिप्पट मजले म्हणून तिप्पट उंच' हे वाक्य इथेच कोसळतं.

'उंची' लिहिताना ती कुठून कुठपर्यंत, हेही सांगायला हवं. उंच इमारतींच्या याद्यांत वास्तूचा भाग असलेला सुळका धरतात, नंतर बसवलेला अँटेना किंवा झेंड्याची काठी धरत नाहीत. बुर्ज खलिफा ८२८ मीटर, पण माणसं वापरतात तो शेवटचा मजला ५८५ मीटरांवर. वरचं सगळं सुळक्याचं. या सुळक्याला कळस म्हणू नये. कळस म्हणजे शिखराच्या माथ्यावरचा घट, अख्खं शिखर नव्हे. विमानतळाच्या आसपास तर मोजमापच निराळं. विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत पत्रातली उंची समुद्रसपाटीपासूनची असते आणि तीत पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, वीजरोधक काठी सगळं येतं. पत्रात १५० मीटर आणि प्लॉटची जमीन समुद्रसपाटीपासून १२ मीटर, तर टाकीसकट इमारत १३८ मीटरच. बातमीत '१५० मीटर उंच इमारतीला परवानगी' छापून येतं ते यामुळे. वर्ल्ड वनही आधी ४४२ मीटरची ठरली होती. विमान वाहतुकीची परवानगी न मिळाल्याने तिचा आराखडा छाटावा लागला.

गगनचुंबीला मजल्यांची अट नाही, ते विशेषण आहे. राष्ट्रीय इमारत संहितेतली 'हाय-राइज' तर १५ मीटरांपासूनच सुरू होते, म्हणजे साधारण पाच मजले. तिला गगनचुंबी म्हटलं तर गगनच खाली आलं म्हणायचं. तांत्रिक मजकुरात 'उंच इमारत' किंवा 'बहुमजली' पुरे. ३०० मीटरांच्या वरच्या इमारतींचा जागतिक याद्यांत वेगळा वर्ग असतो. त्यांना गगनचुंबी खुशाल म्हणा. गंमत म्हणजे इंग्रजी 'स्कायस्क्रेपर'सारखा 'आकाश खरवडणारा' अशा अर्थाचा शब्द संस्कृतात केव्हाचा आहे: अभ्रंकष, ढगांना घासणारा. तो ज्या नियमाने सिद्ध होतो तो पाणिनीने दिलेला आहे. आज वापरायला मात्र जड.

'टोलेजंग' हा खास आपला शब्द, पण तो उंचीपेक्षा पसाऱ्याचा आणि थाटाचा आहे. दुमजली वाडाही टोलेजंग असतो. सुळक्यासारख्या सडपातळ इमारतीला तो शोभत नाही. 'उत्तुंग' शिखरांसाठी आणि माणसांच्या कर्तृत्वासाठी राखून ठेवलेला बरा.

तर मथळा असा करा: 'भारतातील सर्वांत उंच इमारत मुंबईत'. अनेकांतून निवडताना 'सर्वांत' असं अनुस्वारासह. टॉवर ठेवायचाच असेल तर 'निवासी टॉवर' म्हणा. अनेकवचन 'टॉवर'च, 'दहा टॉवर'; 'टॉवर्स' फक्त प्रकल्पाच्या नावात. आणि मनोऱ्याबद्दल लिहिताना सामान्यरूप 'मनोऱ्यावर', 'मनोर्यावर' नव्हे.