जागेची परीक्षा तिच्या सर्वांत अवघड महिन्यात

प्रश्न : माझे वय ६३ असून यजमान ६८ वर्षांचे आहेत. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात जांबोटी भागात आमचे घर आणि थोडी भातशेती आहे. मुलगा नोकरीनिमित्त ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहरी असतो. राहण्यास जगात सर्वांत चांगले म्हणून गाजलेले हे शहर आहे, तेव्हा आता आपण दोघांनी येथेच यावे, असा त्याचा हट्ट आहे. यजमान म्हणतात, मी शेत सोडणार नाही. मी दोघांच्या मध्ये अडकले आहे. राहण्यासाठी जगातील कोणती जागा चांगली, हे माणसाने कसे ठरवावे? आणि निवड आपल्या हातात असती, तर आपण स्वतः कोठे राहिला असता?

— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आपल्या मुलाचे म्हणणे हवेतले नाही. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट ही संस्था दरवर्षी राहण्यायोग्य शहरांची यादी काढते आणि तीत २०२२, २०२३ व २०२४ अशी सलग तीन वर्षे व्हिएन्ना पहिले होते. २०२५ मध्ये ते स्थान कोपनहेगनकडे गेले. परंतु ही यादी कोणाच्या कामाची आहे, हेही पाहावे. १७३ शहरांना स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा या पाच बाबींवर गुण दिले जातात, आणि कंपन्या आपल्या नोकरदारांना परमुलखी पाठवतात तेव्हा त्यांना गैरसोयीचा भत्ता किती द्यावा, हे ठरवण्यासाठी तिचा उपयोग होतो. राहणीचा खर्च तीत धरलेला नसतो. साठी ओलांडलेल्या, तेथील भाषा न येणाऱ्या बाईची दुपार कशी जाईल, हा प्रश्न तर ती यादी करणाऱ्यांपुढे कधी नव्हताच.

तरीही व्हिएन्नाचे जे चांगले आहे ते मनापासून चांगले म्हटले पाहिजे. आल्प्स पर्वतातील झऱ्यांचे पाणी त्या शहरात आणणारी पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये सुरू झाली आणि दुसरी १९१० मध्ये. डोंगरातून निघालेले ते पाणी उताराच्या बळावर वाहत येते आणि स्वयंपाकघरातल्या नळाला थेट पिण्याजोगे मिळते. शहरातील जवळजवळ निम्मे लोक नगरपालिकेच्या किंवा सरकारी साहाय्याने बांधलेल्या घरांत राहतात, त्यामुळे साध्या पगाराच्या माणसालाही तेथे चांगले घर परवडते. नळाला पाणी येण्याचा दिवस पाहून पाहुण्यांना जेवायला बोलावणाऱ्या बेळगावच्या गृहिणीला यातले सुख समजावून सांगावे लागणार नाही.

माझी स्वतःची कसोटी एकच आहे. कोणतीही जागा तिच्या सर्वांत अवघड महिन्यात पाहावी. मुलाने पाठवलेली छायाचित्रे मे-जूनमधील असणार, कारण तेव्हा तेथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि बागा फुललेल्या असतात. डिसेंबरात त्याच शहरात सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजता मावळतो. दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा असतो आणि आभाळ भरलेले असले, तर तेवढाही उजेड धड मिळत नाही. आपल्याकडे वर्षातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांहून मोठा असतो. सकाळी अंगणात सडा घालून उन्हाला पाठ देऊन बसण्याची ज्यांना जन्माची सवय आहे, त्यांना हा फरक थंडीपेक्षाही अधिक जाणवतो, असे तिकडे राहून आलेल्या अनेक आईवडिलांकडून मी ऐकले आहे.

हाच न्याय आपल्या गावालाही लावावा लागेल. जांबोटीपलीकडच्या कणकुंबीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला अथणीकडे त्याचा पाचवा हिस्साही पडत नाही. याच पावसातून कणकुंबीला मलप्रभा उगम पावून पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि खानापूरच्याच जंगलात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. हे वाचायला सुंदर आहे. जुलैत तेथे राहणे वेगळे आहे. आठवडा-आठवडा वीज नसते, चुलीभोवती दोरी बांधून कपडे वाळवावे लागतात, ओढ्याला पाणी आले की रस्ता बंद होतो, आणि रात्री छातीत दुखू लागले तर बेळगाव गाठायचे कसे, हा प्रश्न उरतो. यजमान आज शेत सोडणार नाही म्हणतात. पंच्याहत्तराव्या वर्षी जुलैत आपण तेथे कसे राहू, याचाही त्यांनी आजच विचार करावा.

भाषेविषयी आपण काही लिहिलेले नाही, पण मला तो या प्रश्नाचा गाभा वाटतो. घरची भाषा एक आणि कचेरीतल्या खिडकीची दुसरी, हे सीमाभागातल्या माणसाला नवे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला, तेव्हापासून आपण तसेच जगत आलो आहोत आणि या सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. उताऱ्यावरचा कन्नड मजकूर कोणाकडून तरी वाचून घेऊन आपण कामे निभावतो, तसे जर्मन कागदही मुलगा निभावून नेईल. दवाखान्यात मात्र तसे होत नाही.

माझ्या आईच्या शेवटच्या आजारात मी हे जवळून पाहिले. तिच्या एका पायात ठणका होता, कमरेत चमक भरत होती, पोटात कधी कळ यायची तर कधी नुसती भगभग व्हायची. आणि हे चारही शब्द ती चार निरनिराळ्या दुखण्यांसाठी चुकूनही अदलाबदल न करता वापरत असे. आमच्या डॉक्टरांची मातृभाषा कन्नड होती, पण वीस वर्षे येथे दवाखाना चालवल्यामुळे त्यांना हे शब्द पाठ होते. "आज कळ की भगभग?" एवढेच ते विचारत आणि तिच्या उत्तरावरून औषध बदलत. मी दुभाषा म्हणून मध्ये असतो, तर या सगळ्याचे "पोटात दुखते" एवढेच करून सांगितले असते. व्हिएन्नाची रुग्णालये निःसंशय उत्तम आहेत. आपल्या आणि तेथील डॉक्टरांच्या मध्ये मात्र दर वेळी मुलगा उभा असेल, आणि काही दुखणी आई मुलाला सांगत नाही.

आता व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. पत्नी आणि अल्पवयीन मुले यांना नेणे जितके शक्य असते, तितके आईवडिलांना कायमच्या वास्तव्यासाठी नेणे सोपे नसते. त्याची चौकशी मुलाने आधी करावी. भेटीच्या शेंगेन व्हिसावर (युरोपातील अनेक देशांसाठी मिळून असलेल्या एकाच व्हिसावर) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मुलाने पुढे तिकडचे नागरिकत्व घेतले, तर भारताचे राहत नाही. मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारे ओळखपत्र) घेऊनही त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मात्र मिळू शकते. शेताची चिंता असलेल्या यजमानांना हे नीट समजावून सांगावे.

मी कोठे राहिलो असतो, असे आपण विचारले आहे. बेळगावच्या पश्चिमेला, शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाच्या वाटेवर, जेथे मी आज राहतो तेथेच. तेथील अवघड महिने दोन : मे, जेव्हा जलाशयाची पातळी रोज वर्तमानपत्रात पाहावी लागते, आणि जुलै, जेव्हा भिंतींना ओल येते. पण अर्ध्या तासावर रुग्णालय आहे, आणि आईचे चारही शब्द ज्याला कळतात असा माणूस औषधाच्या दुकानातही भेटतो. आपल्यासाठी मात्र हे उत्तर मी देऊ शकत नाही, कारण आपला मुलगा व्हिएन्नात आहे आणि माझे कोणीही तेथे नाही.

म्हणून निर्णय आज करू नका. सुगी आटोपली, भात घरात आले, की डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याची तिकिटे काढा आणि फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत दोघेही तेथे राहून या. त्या दिवसांत शिवारात काम नसते, तेव्हा यजमानांनाही नाही म्हणायला कारण उरणार नाही.