किलपेकच्या चर्चवर राक्षस आणि ससे कशाला?

प्रश्न : मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा हेरफर्डजवळच्या किलपेक गावातलं चर्च बघितलं. एवढंसं चर्च, पण बाहेरच्या भिंतींवर राक्षस, कुत्रा, ससा आणि एक चक्क नग्न बाई! प्रार्थनेच्या जागी हे कसं काय? आणि कोरीवकाम इतकं ताजं की नंतर बसवलंय की काय असं वाटलं. खरंच जुनं आहे का?

उत्तर : खरंच जुनं आहे हो! १०६६ ला उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि वेल्सच्या सीमेवरच्या या जमिनी आपल्या सरदारांना वाटल्या, त्यातल्याच एका घराण्यातल्या ह्यूने ११३४ ला इथलं चर्च ग्लॉस्टरच्या मठाला दिलं आणि आत्ताची इमारत साधारण ११४० ची. चर्चच्या मागे गवताने झाकलेली टेकडी बघितली असेल ना, तो त्याच घराण्याचा किल्ला, वर दोन-चार भिंतींचे तुकडे उरलेत फक्त.

आत शिरलात की रचना एकदम सोपी आहे, पश्चिमेकडून पूर्वेकडे तीन भाग, आधी गावकऱ्यांची मोठी खोली, मग धर्मगुरूंची जागा आणि शेवटी अर्धगोल गाभारा म्हणता येईल असा भाग जिथे वेदी असते. मधल्या कमानीवर संत एकावर एक उभे कोरलेत, त्यातला किल्ली हातात धरलेला सेंट पीटर.

आता राक्षसांचं. छपराखाली भिंतीतून पुढे आलेले जे छोटे दगड आहेत त्यांना कॉर्बेल म्हणतात, असे ८५ आजही शिल्लक आहेत, आणि त्यात देवाचं कोकरू, म्हणजे येशूचं प्रतीक, तेसुद्धा आहे, म्हणजे पवित्र आणि भयंकर असं वेगवेगळं काढलेलंच नाही. कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसलेत ते तर मला सगळ्यात आवडतात, इतके गोड आहेत! ती नग्न बाई म्हणजे शीला-ना-गिग, अशा मूर्ती आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी आहेत, कुणी म्हणतं वासनेपासून सावध राहा असा इशारा, कुणी म्हणतं वाईट शक्ती लांब ठेवायला, कुणी प्रजननाशी जोडतं, एकमत नाही. पण मला एक नक्की वाटतं, गावातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं त्या काळात ही भिंत लोक रोज बघत होते आणि कारागिरांना ते माहीत होतं. दक्षिणेचा दरवाजा बघा, वर वेलीसारखा जीवनवृक्ष, बाजूच्या खांबांवर वेलींत अडकलेले विजारी घातलेले योद्धे, एक इंच रिकामा सोडलेला नाही.

ताजेपणाचं कारण दगड. तो लालसर वाळूचा दगड इथे फारच टिकाऊ निघाला. एकोणिसाव्या शतकात दुरुस्ती झाली, पण कोरीवकाम मूळचंच आहे.

याच कारागिरांच्या परंपरेतलं याच भागातल्या शॉबडन गावाचं चर्च होतं, ते बांधवून घेणाऱ्या ऑलिव्हर द मर्लिमंडने स्पेनमधल्या सांतियागोची यात्रा केली होती आणि तिकडच्या वाटेवरच्या चर्चांची छाप या सगळ्या कामावर दिसते. अठराव्या शतकात शॉबडनचं ते चर्च पाडलं, कोरीव कमानी तेवढ्या उचलून टेकडीवर शोभेसाठी उभ्या केल्या, आणि तेव्हापासून पावसात उघड्यावर राहून चेहरे जवळजवळ पुसले गेलेत. फार वाईट वाटतं बघून. पुढच्या वेळी गेलात तर आधी शॉबडन बघा, मग किलपेक.