घटक पक्का होईपर्यंत : शिक्षकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एक घटक नीट आल्याशिवाय मुलाला पुढच्या घटकात ढकलायचं नाही, ही प्रभुत्व अध्ययनाची मूळ कल्पना. ती वर्गात उतरवताना येणाऱ्या अडचणींबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : वर्गात चाळीस मुलं आहेत. प्रत्येकाला येईपर्यंत थांबले तर पोर्शन कधी संपणार?

प्रत्येकासाठी हवं तितकं थांबा, असं ही पद्धत सांगतच नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरोल यांनी १९६३ मध्ये मांडलं की एखाद्या विषयातली मुलाची कुवत म्हणजे तो विषय शिकायला त्याला लागणारा वेळ. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये त्या विचाराला चालत्या वर्गात बसेल असं रूप दिलं. एक ते दोन आठवड्यांचा घटक सगळ्यांना एकत्र शिकवायचा. शेवटी छोटी चाचणी घ्यायची, तिचे गुण कुठेही चढवायचे नाहीत. ज्यांना ८० ते ९० टक्के जमलं त्यांना त्याच विषयात अधिक खोलवरचं काम, उरलेल्यांना दुरुस्तीचं काम. मग तशीच दुसरी चाचणी, आणि सगळा वर्ग मिळून पुढे. म्हणजे घटकामागे जादा जातात ते एक-दोन तास.

पहिले दोन-तीन घटक तुम्ही मागे पडाल, हे खरं आहे. पण पुढच्या घटकाच्या सुरुवातीला मागचंच पुन्हा शिकवण्यात जाणारे तास हळूहळू वाचायला लागतात. सगळ्याच घटकांना हे लावायचीही गरज नाही. स्थानिक किंमत, अपूर्णांक, समीकरणं अशा ज्या घटकांवर पुढचं बरंच काही उभं असतं, ते आधी धरा. आणि नवा घटक उघडण्यापूर्वी त्याला लागणाऱ्या जुन्या गोष्टींवर पाच प्रश्न विचारा. भागाकार सुरू करताना पाढे आणि वजाबाकी कच्ची असेल, तर तुम्ही भागाकार कितीही सुरेख शिकवलात तरी मुलं अडणारच.

एक खूण लक्षात ठेवा. चाचणीतला एकच प्रश्न निम्म्याहून जास्त वर्गाचा चुकला, तर दोष मुलांचा नाही. एकतर प्रश्नाची भाषा फसली आहे, किंवा शिकवताना तो भाग राहून गेला आहे. अशा वेळी गट पाडू नका, तो भाग सगळ्या वर्गाला नव्याने शिकवा.

प्रश्न : हातच्याची वजाबाकी दोनदा शिकवली. दुसऱ्या वेळी तर अगदी सावकाश. तरी त्याच आठ मुलांचं चुकतं. आता काय करावं?

तिसऱ्यांदा तेच सांगू नका. ज्या मांडणीतून मुलाला एकदा कळलं नाही, तीच मांडणी सावकाश केली म्हणून कळत नाही. दुरुस्तीची वाट पहिल्या वाटेपेक्षा वेगळी असावी लागते, आणि ती कोणती घ्यायची हे मुलाचं चुकलेलं उत्तरच सांगतं. त्या आठ जणांना ५०३ − १८७ हे एकच गणित द्या. बरोबर उत्तर ३१६. तुमच्याकडे बहुधा तीन प्रकारची चुकलेली उत्तरं येतील, आणि वहीत लाल फुलीखाली ती तिन्ही सारखीच दिसतात.

उत्तर ४८४ आलं, तर मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे : ७ मधून ३, ८ मधून ०, ५ मधून १. त्याच्या लेखी ५०३ ही संख्या नाही, तीन सुटे अंक आहेत. याला हातच्याचे नियम सांगून उपयोग नाही. आधी अंदाज करायला लावा : पाचशेतून दोनशेच्या आसपास काढले तर किती उरतील? मग ताळा : ४८४ मध्ये १८७ मिळवले तर ६७१ येतात. आपलं उत्तर अशक्य आहे हे त्याचं त्याला दिसू द्या. त्यानंतर ५२ − ३८ सारख्या दोन अंकी गणितापासून पुन्हा सुरुवात. तिथेही तो २६ लिहील, पण १४ हे उत्तर वस्तू हाताळून तपासणं सोपं असतं.

उत्तर ४१६ आलं, तर हे मूल बरंच पुढे आलेलं आहे. त्याने ३ चे १३ केले, शून्याचे ९ केले, पण ५ चे ४ करायचं राहिलं. म्हणून उत्तर बरोबर १०० ने जास्त. ‘शून्य असेल तर नऊ लिहायचे’ एवढाच भाग त्याच्या लक्षात राहिला आहे. शंभर, दहा आणि एकच्या खोट्या नोटा द्या. एककाला दहा हवेत, दहाची नोट एकही नाही. मग शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा घ्यायच्या, त्यातली एक मोडून सुटे करायचे. हातात दहाच्या नऊ उरतात, शंभराच्या चार. नऊ आले कुठून, हा प्रश्न तिथे सुटतो. वहीतही पहिली काट ५ वर, आणि मगच शून्यावर ९, असा क्रम पाळायला सांगा.

उत्तर २२६ आलं, तर शून्याला वगळून शतकाकडून थेट एककाला दहा दिले गेले. मग दशकासाठी पुन्हा शतकाकडे हात पसरला. उत्तर ९० ने कमी येतं, कारण शंभराची नोट देऊन फक्त दहा सुटे घेतले. हाच व्यवहार मुलासमोर नोटांनी करा आणि त्याला मोजायला सांगा. मोड कमी मिळाली हे त्याला लगेच कळतं.

तिघांनाही शेवटी आणखी एक रीत दाखवता येते. ५०३ म्हणजे ५० दशकं आणि ३ एकक. एक दशक सुटं केलं की उरली ४९ दशकं आणि १३ एकक. ४९ मधून १८ गेले, ३१. १३ मधून ७ गेले, ६. शून्याची भीती या रीतीत उरत नाही.

आठ मुलांचे असे तीन गट झाले की काम आवाक्यात येतं. प्रत्येक गटाला दहा-बारा मिनिटं पुरतात, पण गटात गेल्यावर त्याच चुकीवर बोला. चौथा प्रकार दिसला तर अंदाज बांधू नका, मुलालाच मोठ्याने बोलत गणित करायला लावा.

प्रश्न : ८० टक्के म्हणजे नेमकं काय धरायचं? आणि दुसऱ्या चाचणीत मुलं पहिलीची उत्तरं आठवून लिहितात.

फक्त टक्केवारी पाहिलीत तर फसाल. घटकातली चार उद्दिष्टं निवडा आणि प्रत्येकावर तीन, असे बारा प्रश्न काढा. दोन मुलांना १२ पैकी ९ मिळाले. एकाचे तीन वेगवेगळ्या उद्दिष्टांतले एकेक प्रश्न चुकले. ती बहुतेक घाई असते, त्याला उत्तरं तपासायची सवय लावा. दुसऱ्याचे एकाच उद्दिष्टाचे तिन्ही चुकले. त्याला तो भाग आलेलाच नाही. गुण सारखे, गरज वेगळी. म्हणून नोंद एकूण गुणांची ठेवू नका, प्रत्येक उद्दिष्टापुढे तीनपैकी किती ते लिहा. तीनपैकी एक किंवा शून्य असेल तर दुरुस्ती हवीच.

दुसऱ्या चाचणीत आकडे बदला, पण अडचण तीच ठेवा. ५०३ − १८७ च्या जागी ६०४ − २५८ चालेल, कारण दशकाच्या घरात शून्य आहे. ६४५ − २५८ दिलंत तर अडणारी जागाच नाहीशी होते. मूल उत्तीर्ण होतं आणि चूक तशीच राहते. ही गफलत घाईत काढलेल्या प्रश्नपत्रिकांत फार वेळा होते.

दुसऱ्यांदा जमलं तर पूर्ण गुण द्यायचे का, असंही पत्रात विचारलं आहे. हो, पूर्ण. दोन चाचण्यांची सरासरी काढणं म्हणजे उशिरा शिकल्याचा दंड लावणं.

प्रश्न : जी मुलं पहिल्या फेरीतच पार होतात त्यांना बसवून कसं ठेवायचं?

त्याच प्रकारची आणखी वीस गणितं देऊ नका. लवकर येण्याची ती शिक्षा होते. विचार करायला लावणारं थोडंच द्या : ‘उत्तर ३१६ येईल आणि दोनदा हातचा लागेल अशी वजाबाकी तयार कर.’ किंवा ‘एकाचं उत्तर ४१६ आलं, त्याने काय केलं असेल?’ दुसरा प्रश्न दिसतो त्याहून कितीतरी अवघड आहे.

मित्राला शिकवायचं काम कधीतरी द्या, रोज नको. शिकवणं ही त्यांची नोकरी नाही. आणि एक नियम घाला : पेन्सिल शिकणाऱ्याच्या हातातच राहील. नाहीतर हुशार मूल गणित सोडवून देतं आणि दोघंही खूश होतात.

प्रश्न : ‘समजलं का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात. मागच्या बाकावरची मुलं तर बोलतच नाहीत. त्यांच्याशी जवळीक कशी साधायची?

‘समजलं का?’ हा प्रश्न सोडून द्या. त्याला हो म्हणणं सगळ्यांत सोपं असतं. त्याऐवजी वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणा, ‘हे कसं केलंस ते मला दाखव.’ उत्तर बरोबर असतानाही हे विचारा. फक्त चुकल्यावर विचारलंत तर दोन दिवसांत मुलांना कळतं की बाई कसं केलं विचारतात म्हणजे चुकलं. मग ती बोलणं सोडून खोडायला लागतात.

प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या निरीक्षणांतून दाखवलं की शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांब होतात, उत्तर न येण्याचं प्रमाण घटतं. तीन सेकंद सुरुवातीला फार मोठे वाटतात. मनात मोजा.

मागच्या बाकाचं म्हणाल, तर तिथे पोहोचायला हेतू पुरत नाही, यादी लागते. हजेरीपटाच्या क्रमाने रोज चार मुलं, प्रत्येकाच्या बाकाशी दोन मिनिटं. चाळीस जणांची फेरी दहा दिवसांत पूर्ण होते. यादी नसेल तर तुमचा वेळ दंगा करणारे आणि हात वर करणारे यांच्यातच वाटला जातो, आणि शांत मूल महिनाभर दिसत नाही. खाली वाका किंवा बसा, नजर वहीवर ठेवा. लाजरं मूल डोळ्यांत पाहून बोलत नाही, पण आपल्या वहीकडे पाहणाऱ्याशी बोलतं. परत आल्यावर एक ओळ टिपून ठेवा, आणि पुढच्या फेरीत तिथूनच बोलणं सुरू करा : ‘मागच्या वेळी शून्यापाशी अडत होतं, आता?’ आपली चूक कुणाच्या तरी लक्षात राहिली, आणि तीही रागावण्यासाठी नाही, हे मुलाला फार महत्त्वाचं वाटतं.

शाबासकीही नेमकी हवी. ‘हुशार आहेस’ यातून पुढच्या वेळी काय करायचं ते कळत नाही. ‘या वेळी ९ लिहिण्याआधी शतक कमी केलंस’ यातून कळतं.

दुरुस्तीच्या गटांना नावं देऊ नका, फळ्यावर नापास मुलांची यादी नको, आणि दर घटकाला गट नव्याने पाडा. घटक कोणताही असो, तीच पाच-सहा मुलं मागे राहत असतील तर भोक मागच्या इयत्तेत आहे. त्यांना चालू घटकाची दुरुस्ती देत राहू नका. चार दिवस रोज पंधरा मिनिटं काढून मागे मागे जात तपासा : तीन अंकी, दोन अंकी, वीसच्या आतली वजाबाकी, मोजणी. जिथे मूल न अडखळता उत्तरं देतं, तिथून एक पायरी वर शिकवायला लागा.