बाळंतपणाला दोन महिने झालेत, शिंकताना लघवीचे थेंब येतात. तळजाई टेकडीवर पळायला जाऊ का?

इतक्यात नको; सध्या तळजाईवर फक्त चाला, पळणं बाळंतपणानंतर किमान 12 आठवड्यांनी आणि तेही थेंब थांबल्यावरच. मी फिजिओथेरपिस्ट आहे. नऊ महिने भार पेलून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात (सिझेरियन झालं तरीही), आणि पळताना प्रत्येक पावलाचा दणका त्यांनाच बसतो. पोटपट्टा कितीही घट्ट बांधा, ते बळकट होत नाहीत.

पोटातला वारा सुटू नये म्हणून अडवतो तसे हे स्नायू आत-वर ओढा, 10 आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा. सुरुवातीला 3-4 आकडेच जमतात, चालतं. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका, कुल्ले आवळू नका.

खाली जड, काही उतरल्यासारखं वाटत असेल तर मात्र आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.