सासूबाईंना बाळाजवळ बसू द्यायचं का?

प्रिय मावशी,

२०२० च्या गुढीपाडव्यासाठी सासूबाई चार दिवस आधी कराडहून आमच्याकडे पुण्याला आल्या आणि पाडव्याच्या दिवशीच लॉकडाउन सुरू झाला. आठ दिवसांसाठी आलेल्या त्या इथेच अडकल्या. त्यांना शुगर आहे. लॅबमध्ये जायची भीती, म्हणून तपासायचं मशीन घरी आणलं. मे महिन्यात त्यातला चपटा सेल संपला. त्यांनी नवा घातला आणि जुना देव्हाऱ्याजवळच्या वाटीत टाकला. त्या वाटीत सेफ्टी पिना, बटणं, सुटे पैसे असं सगळं असायचं.

माझा मोठा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. नवरा औषधांच्या कंपनीत, त्याचं कामावर जाणं चालूच होतं. मी आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर. दुपारी तीनच्या सुमारास बाळ खोकायला लागलं, लाळ गळत होती, दूध नको म्हणत होता. सासूबाई म्हणाल्या, घशात काहीतरी अडकलंय, आणि त्यांनी केळं भरवलं. मी उठून आले, कपाळाला हात लावला, ताप नव्हता, परत जाऊन बसले. दवाखान्यात गेलं तर कोरोना घरात येईल अशी भीती. रात्री अकराला उलटीत काळपट रक्त दिसलं तेव्हा निघालो. एका हॉस्पिटलने कोविडची टेस्ट आणा म्हणून दारातूनच परत पाठवलं, दुसऱ्याने घेतलं. सेल अन्ननलिकेत होता. दुर्बिणीतून काढला. अठरा दिवस नाकात नळी. पुढे अन्ननलिका आकसली म्हणून वर्षभरात पाच वेळा ती रुंद करून घ्यावी लागली. आता तो दुसरीत आहे, सगळं खातो, फक्त भाकरी कुस्करून लागते.

आता धाकटा नऊ महिन्यांचा आहे, घरभर रांगतो. पुढच्या महिन्यात मी पुन्हा कामावर जाणार. सासूबाई म्हणतात, मी येते सांभाळायला. नवरा म्हणतो, झालं गेलं विसर. मावशी, मला त्यांनी बाळाला उचललेलंही बघवत नाही. केळं भरवताना त्या दिसतात. इतक्या वर्षांत त्या या विषयावर एक शब्द बोललेल्या नाहीत. मी दुष्ट आहे का? त्यांना बाळाजवळ बसू द्यायचं का?

– एक आई, पुणे


अगं पोरी,

दुष्ट नाहीस तू. रात्री अकराला कडेवर लेकरू घेऊन जी एका दारातून दुसऱ्या दाराकडे धावली, तिच्या अंगातून ती रात्र इतक्या सहज जात नाही. नवऱ्याला विसरता आलं असेल तर त्याचं त्याला लखलाभ, तुझ्यावर ती सक्ती नको. हे त्याला वाचून दाखवलंस तरी चालेल.

पण आधी ते केळं. तुझ्या पत्रात ते दोनदा आलंय, आणि मला वाटतं रोज डोळ्यांसमोर येत असेल. म्हणून त्याच्याबद्दलची खरी गोष्ट सांगते. चपटा सेल अन्ननलिकेत अडकला की आतल्या ओल्या त्वचेला दोन्ही बाजूंनी टेकतो आणि त्यातून वीज वाहायला लागते. त्याच्या ऋण बाजूला, तिथल्याच ओलाव्यातून, कॉस्टिक सोड्यासारखा जहाल क्षार तयार होतो आणि तो मांस जाळत जातो. त्यासाठी सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. साखरेच्या मशीनमधला सेल बहुधा वीस मिलिमीटर रुंदीचा, तीन व्होल्टचा असतो. आपल्या रुपयाच्या नाण्याएवढा. लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका तोच अडकतो. आणि तो ‘संपलेला’ होता ना? मशीन चालवण्याइतकी ताकद त्यात उरलेली नसते, पण मांस जाळण्याइतकी उरते. तुझ्या सासूबाईंना हे ठाऊक नव्हतं. तुला होतं का? मला तर साठी उलटेपर्यंत नव्हतं.

म्हणजे जखम सेलने झाली. केळं भरवलं नसतं तरी ती झालीच असती. अशा वेळी खायला देऊ नये हे खरंच आहे, कारण पुढे भूल द्यावी लागते. पण त्या केळ्याने तुझ्या मुलाचा घसा जाळला नाही. हे मनाची समजूत घालायला सांगत नाहीये. तुझ्या मुलाच्या डॉक्टरांना विचार, तेही हेच सांगतील.

आणि केळं कुठून आलं तेही सांगते. १९८६ साली माझ्या दीड वर्षांच्या लेकीने माझ्या कुडीची फिरकी गिळली. माझ्या आईने तिला लगेच केळं भरवलं, मग न चावता गिळायला भाताचे छोटे छोटे गोळे. तीन दिवस मी परसात बसून काडीने तिची शी चिवडत होते. तिसऱ्या दिवशी फिरकी सापडली. आईच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला आजही दिसतं. तेव्हापासून आमच्या नात्यात कुणाच्या पोराने काही गिळलं की पहिलं केळं शोधायचे. खरं तर पोटापर्यंत पोचलेली लहान, बोथट वस्तू बहुतेक वेळा आपली आपण बाहेर पडते, केळं असो वा नसो. पण हे आम्हाला सांगणार कोण? माझ्या आईचं नशीब की ती फिरकी होती. तुझ्या सासूबाईंच्या वाट्याला सेल आला.

आता एक नाजूक गोष्ट. ‘कपाळाला हात लावला, ताप नव्हता, परत जाऊन बसले.’ हे तू लिहिलंस आणि लगेच पुढे गेलीस. मी मात्र त्या ओळीपाशी थांबले. सासूबाईंवरच्या रागातला बराचसा राग त्या दुपारच्या तुझ्यावर आहे, असं मला वाटतं. चुकत असेन तर सोडून दे. चुकत नसेन तर ऐक.

गिळताना कुणी पाहिलं नसेल तर सेल ओळखणं फार अवघड असतं. खोकला, लाळ, दूध नको, किरकिर. दोन वर्षांच्या मुलाला हे दर पंधरा दिवसांनी होतं. त्याच २०२० साली अमेरिकेत टेक्सासमध्ये रीस नावाच्या दीड वर्षाच्या मुलीला असाच खोकला आणि घरघर सुरू झाली. आधी ती साधी घशाची सूज वाटली. रिमोटमधला सेल जागेवर नाही, हे आईच्या नंतर लक्षात आलं. डिसेंबरात ती मुलगी गेली. तिच्या आईने पुढची दीड-दोन वर्षं पाठपुरावा केला आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथे त्या मुलीच्याच नावाचा कायदा झाला, की सेल असलेल्या वस्तूचं झाकण लहान मुलाला सहज उघडता येता कामा नये. ऑस्ट्रेलियात त्याच वर्षी जूनपासून असे नियम लागू झाले. हे सगळं तुझ्या त्या दुपारनंतरचं आहे. त्या दुपारी तुझ्यापुढे ताप नसलेलं मूल होतं, चालू असलेली मीटिंग होती, आणि बाहेर अशी साथ होती की दवाखान्याच्या पायरीचीच भीती वाटावी. पाळणाघर बंद, बागा बंद, कामाच्या मावशी बंद. एक मूल दिवसभर दोन खोल्यांत, आणि त्याच्यामागे एक अडकलेली आजी. डॉक्टरांच्याही चटकन लक्षात येत नाही ते तुला आलं नाही, यात तुझा गुन्हा नाही. सासूबाईंचाही नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, बसू दे. पण दिवसभर एकट्या नको. याचं कारण त्या वाटीत शोधू नकोस, त्यांच्या वयात शोध. मोठ्याच्या वेळेपेक्षा त्या पाच-सहा वर्षांनी थकल्या आहेत, शुगर आहे, आणि रांगतं मूल खुर्चीखाली कधी गेलं ते तरण्या माणसालाही कळत नाही. आठ-नऊ तास एकटीने सांभाळणं हे त्यांच्यावरही ओझं आहे. अर्धा दिवस पाळणाघर, किंवा त्यांच्या सोबतीला एखादी बाई, असं काहीतरी बघा. नवऱ्यालाही सांग, ‘विसर’ म्हणण्याऐवजी ही सोय तू लाव.

त्या आल्या की पहिल्या दोन दिवसांत घराची एक फेरी मारा. त्यांना बरोबर घेऊनच. तू गुडघ्यांवर हो, बाळाच्या उंचीवरून बघ, त्यांना खुर्चीत बसवून सांगत जा. साखरेचं मशीन, एसीचा चपटा रिमोट, स्वयंपाकघरातला वजनकाटा, कोविडच्या वेळचा थर्मामीटर, दिवाळीतल्या सेलवरच्या पणत्या, गाणं म्हणणारं ग्रीटिंग कार्ड. ज्याचं झाकण स्क्रूने बंद होत नाही त्याला चिकटपट्टीचे चार वेढे, आणि ते कडीच्या कपाटात. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला, पण मशीन, रिमोट, काटा ही काही खेळणी नव्हेत, तिथे झाकण आपणच सांभाळायचं. सव्वा इंचाच्या आतलं काहीही जमिनीवर किंवा हाताला लागेल असं नको. मोठ्याच्या खेळण्यांत लोहचुंबकाचे मणी असतील तर ते घरातूनच काढ. दोन चुंबक वेगवेगळ्या वेळी पोटात गेले तर आतड्याच्या भिंती चिमटीत धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडतं. आणि धाकट्याला शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं कुणीच द्यायची नाहीत. शेंगदाणा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेला तर ती वेगळीच धावपळ होते. हे सासूबाईंना आधी सांग, कारण मुठीतला फुटाणा नातवाच्या तोंडात घालणं हे आपल्याकडच्या आज्यांचं प्रेम असतं.

मोठ्यालाही सामील करून घे. सात वर्षांचा आहे, त्याला सांग की बाळाच्या तोंडात काही दिसलं तर तू ओरडून सांगायचंस, तुला कुणी रागावणार नाही. पोरं माराच्या भीतीने लपवतात, आणि लपवलेल्या तासांचीच किंमत मोजावी लागते.

पुन्हा कधी शंका आली, नुसती शंका, तर हे दोघींच्या डोक्यात पक्कं असू दे. उलटी करवायची नाही. दिसत नसताना घशात बोट घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. एक्स-रेची सोय आणि दुर्बिणीने काढणारे डॉक्टर असतील अशा हॉस्पिटलमध्ये निघायचं, गाडी नसेल तर १०८. दारातच मोठ्याने सांगायचं, ‘सेल असू शकतो.’ समोरून काढलेल्या एक्स-रेत सेल नाण्यासारखाच दिसतो, पण त्याच्या कडेला दुहेरी वर्तुळ असतं, म्हणून बाजूनेही एक काढायला सांगायचं. मूल वर्षाच्या वरचं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. त्याने जळण्याचा वेग कमी होतो. पण मध शोधण्यात एक मिनिटही घालवायचं नाही, आणि वर्षाच्या आतल्या मुलाला मध अजिबात नाही. म्हणजे तुझ्या धाकट्याला आत्ता नाही.

आणि श्वासच अडकला तर? मूल खोकत असेल, रडत असेल तर खोकू द्यायचं. आवाज फुटत नसेल तर बाळाला हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, पाठीवर खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर एका तळहाताच्या टाचेने पाच दाब. पुन्हा थापा. हे वाचून येत नाही. पुढच्या लसीच्या वेळी सासूबाईंना सोबत ने आणि बालरोगतज्ज्ञांकडून बाहुलीवर करून घ्या, दोघींनी.

राहिलं त्यांचं गप्प राहणं. तुला ते निर्ढावलेपण वाटतं. असेलही, मी त्यांना ओळखत नाही. पण सत्तरीकडे झुकलेली बाई, मुलाच्या घरी, जिच्या हातून नातवाला असं झालं, ती तो विषय स्वतःहून कसा काढेल? कुठल्या तोंडाने? तुम्ही दोघांनीही तो कधी काढला नाहीत. मला वाटतं सुरुवात तू करावीस. तू मोठ्या मनाची आहेस म्हणून नव्हे, बोलल्याशिवाय तुला बाळ त्यांच्या मांडीवर ठेवता येणार नाही म्हणून. नवरा घरी नसताना, दुपारी, चहा पिताना. एवढंच म्हण: ‘आई, त्या दिवसाबद्दल मी तुमच्यावर खूप रागावले होते. आता कळतंय की केळ्याने काही झालं नव्हतं. पण मला अजून भीती वाटते.’ आणि मग गप्प बस. त्या रडतील, किंवा ‘मी काय मुद्दाम केलं का’ म्हणून उसळतील, किंवा कप उचलून आत जातील. काहीही केलं तरी तू वाद घालू नकोस. मशीन जपून ठेवा, फुटाणा देऊ नका, हे तरीही त्या पाळत असतील तर बाळ त्यांच्याजवळ ठेव. उडवून लावत असतील, ‘आम्ही नाही का पोरं वाढवली’ म्हणत असतील, तर ठेवू नकोस, आणि तेव्हा मनाला लावूनही घेऊ नकोस.

ती वाटी अजून देव्हाऱ्याजवळ आहे का गं? तू लिहिलं नाहीस. असेल तर तू रिकामी करू नकोस, त्यांच्या हातात दे. पिना, बटणं, पैसे त्यांनाच वेगळे करू देत. जुना सेल निघाला तर दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात, ते काम मोठ्याला सांग.

– मावशी