आधी लॉगर लाव, मग सॉफ्टवेअर उघड

प्रश्न: मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. पुढे बिल्डिंग फिजिक्स, म्हणजे इमारतीत उष्णता आणि हवा कशी वागते याचं शास्त्र, शिकवायचं आहे. जुन्या घरांचा अभ्यास करू की थेट सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर घराचं तापमान काढणं, शिकू?

उत्तर: दोन्ही कर, पण एकाच घरावर. मातीच्या जाड भिंतींचं एखादं घर निवड आणि आधी कागदावर गणित मांड. यू-व्हॅल्यू म्हणजे भिंतीतून उष्णता किती सहज जाते त्याचा आकडा; जितका कमी तितकी उष्णता जास्त अडते. 45 सेंमी मातीच्या भिंतीचा तो साधारण 1.3 येतो, 10 सेंमी मिनरल वूलचा (उष्णतारोधक तंतूंच्या थराचा) 0.4 च्या आत. म्हणजे ‘मातीची भिंत उष्णता अडवते’ हे पाठ केलेलं वाक्य इथेच कोसळतं. ती उष्णता उशिरा पोचवते, सुमारे 12 ते 15 तासांनी, आणि चढउतार सौम्य करून. दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नसेल, तर या गुणाचा उपयोगही तेवढाच कमी.

मग दहा दिवस मोजमाप. दर 15 मिनिटांना तापमानाची आपोआप नोंद करणारं उपकरण, म्हणजे एक लॉगर, खोलीत 1.1 मीटर उंचीवर ठेव, ऊन आणि भिंतीपासून दूर. दुसरा बाहेर, सावलीत. खिडक्या-दारं कधी उघडली, कधी लावली हेही लिहून ठेव. ही वही नेमकी सगळ्यांची राहून जाते.

मग त्याच घराचं संगणकावर मॉडेल कर. त्यासाठी एनर्जीप्लस हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात जमिनीचं तापमान दिलं नाही, तर ते 18 अंश धरलं जातं आणि उष्ण प्रदेशातलं घर कागदावर उगाच थंड होतं. हवामानाच्या तयार फाइलमध्ये नमुना वर्ष असतं, तू मोजलेला आठवडा नसतो. तिथे स्वतःच्या नोंदी भराव्या लागतात. चौकातली हवा हे सॉफ्टवेअर साध्या बाहेरच्या हवेसारखीच धरतं, त्यामुळे चौकाचा गारवा उत्तरात दिसणार नाही. मोजलेला आणि मॉडेलचा आलेख जुळत नाही म्हणून बरेच जण भिंतीचा वाहकतांक (माती उष्णता किती वाहून नेते तो आकडा) ओढूनताणून बसवतात. चूक बहुधा वायुवीजनात असते: रात्री खिडक्या उघड्या असताना मॉडेलमध्ये हवा बदलण्याचा चोवीस तास एकच दर टाकलेला असतो. एका वेळी एकच आकडा बदल.

वर्गात शिकवताना क्रम असा ठेव: आधी विद्यार्थ्यांनी खोलीच्या तापमानाची रेषा अंदाजाने काढायची, मग मोजलेली रेषा दाखवायची, सिम्युलेशन शेवटी. सॉफ्टवेअर आधी उघडलं की अंदाज बांधायची सवयच लागत नाही.

पदवीनंतर बिल्डिंग सायन्समध्ये पदव्युत्तर पदवी घे आणि एक-दोन वर्षं एनर्जी अ‍ॅनालिस्ट (इमारतींच्या ऊर्जावापराचा हिशेब मांडणारा) म्हणून काम कर. विद्यापीठात कायम शिकवायचं असेल, तर बहुतेक ठिकाणी पीएचडी लागतेच. अर्जासोबत रंगीत रेंडर (इमारतीची संगणकावर केलेली चित्रं) नको. मोजलेली आणि मॉडेलची रेषा एकाच आलेखावर दे आणि त्या कुठे, का वेगळ्या झाल्या ते दोन परिच्छेदांत लिही.