पोपडे नव्हेत, पदर

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका तरुण वाचकाचा प्रश्न: कार्बन फायबरच्या भागावर पाना पडला, वरून धड ओरखडाही नाही, पण आतले थर सुटलेत. ह्याला 'पोपडे सुटणे' म्हणावं का? आणि मग त्या भागात उरणाऱ्या ताकदीला काय म्हणायचं?

पोपडे अजिबात म्हणू नका. हे ऐकून ऐकून कान किटले. पोपडा भिंतीच्या रंगाचा, चुन्याचा. तो डोळ्यांना दिसतो, नखाने निघतो. इथे सगळी मोडतोड पोटात असते. 'थरविलगन' सुचवणाऱ्या पंडितांनी तो शब्द एकदा कारखान्यात मोठ्याने उच्चारून बघावा की!

आपल्याकडे शब्द आहे: पदर सुटणे. चिरोट्याच्या पोळ्यांमध्ये साटा लावतात तो तळताना पदर सुटावेत म्हणून. कार्बन फायबरमधलं रेझिन, म्हणजे कार्बनचे तंतू एकत्र चिकटवणारी राळ, नेमकं उलट काम करतं, पदर धरून ठेवतं.

आणि हा 'पदर' आला कुठून? संस्कृतातून ओढूनताणून आणू नका. बेळगावच्या शाळेत कन्नड शिकलेल्या कुठल्याही पोराला विचारा, तो 'ओझोन पदर' म्हणेल. कन्नडमध्ये 'पदर' म्हणजे थर. साडीच्या पदराला तिथे 'सेरगु' म्हणतात. माझं ठाम मत आहे की थर हाच मूळ अर्थ, आणि साडीच्या टोकाची घडी खांद्यावर आली तेव्हा मराठीने तो शब्द तिला दिला. उलट कन्नडनेच तो आपल्याकडून उचलला म्हणणाऱ्यांनी सांगावं, मग साडीचा अर्थ वाटेत कुठे गळाला? हा शब्द सीमेवर दोन्ही घरांत नांदतो, ह्याचा मला फार आनंद वाटतो.

हां, ताकद. 'शिल्लक ताकद' म्हणा, पुरे. पण कशाची शिल्लक तेही सांगा. तंतू शाबूत असले तर ताणाला भाग बऱ्यापैकी टिकतो. मार बसतो तो दाब सोसण्याच्या ताकदीला. वाकायला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. पत्रा बरोबर मध्यावर सुटून दोन पदर झाले, तर प्रत्येकात मूळचा 1/8 विरोध, दोन्ही मिळून 1/4. म्हणून कडांकडून दाबलं की एकेक पदर वेगळा फुगून वाकतो. म्हणूनच आधी वजन टाकून धक्का देतात आणि मग त्याच तुकड्याची दाबचाचणी घेतात.

तोवर घरी नाण्याने टकटक करून बघा: धड जागी खणखणीत, पदर सुटलेल्या जागी बद्द.